घरच्या घरी रेकॉर्डिंग: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आरत्यांच्या रेकॉर्डिंगचे प्रश्न वाढतात, श्रावणात भजनांचे, आणि वर्षभर पेटी-तबला घेऊन घरी बसणाऱ्यांचे चालूच असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचता येईल. दुसरीकडे सविस्तर लिहिलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सॉफ्टवेअरमधले मेनू इंग्रजीत दिसतात, इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

१. मोबाईलमध्ये रेकॉर्डर आहेच. मग कॉम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

रियाज ऐकायचा असेल किंवा सुचलेली चाल विसरू नये म्हणून टिपायची असेल, तर मोबाईल पुरतो. कॉम्प्युटर लागतो तो तीन कामांसाठी: आधी वाजवलेलं ऐकत त्यावर दुसरा थर चढवायला, चुकलेली ओळ तेवढीच परत गायला, आणि गळा, पेटी, तबला यांचे आवाज नंतर वेगवेगळे कमी-जास्त करायला. शिवाय बरेच मोबाईल आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतात. तबल्याची थाप जोरात पडली की मागचं गाणं दबतं, थाप संपली की पुन्हा वर येतं. एकदा असं टिपलं गेलं की नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

२. मी अगदी नवखा आहे. यादी नको, एकच नाव सांगा.

मॅक असेल तर गॅरेजबँड. ते ॲपलकडून फुकट मिळतं आणि पुढे बरीच वर्षं पुरतं.

विंडोज असेल, आणि एकटा गळा किंवा एका बैठकीत सलग वाजवलेलं भजन टिपायचं असेल, तर ऑडॅसिटी. आधी पेटी, मग तबला, मग गाणं असं थरांनी बांधायचं असेल तर रीपर.

रीपरचा पडदा पहिल्या दिवशी अंगावर येतो हे खरं. पण बटणं मोजून सॉफ्टवेअर सोपं की अवघड ते ठरवू नका. रात्री अकरा वाजता तिसऱ्या कडव्यात एक शब्द चुकला, तर बाकी काही न बिघडवता तो एक शब्द परत गाता येतो का? महिन्याभराने तीच फाइल उघडून पेटी तेवढी हळू करता येते का? नवशिक्याचे सगळ्यात जास्त तास याच दोन कामांत जातात, आणि रीपरमध्ये ती दोन्ही सहज होतात. सुरुवातीला एवढंच शिका: कंट्रोल-टी ने नवा ट्रॅक (म्हणजे एक थर), ट्रॅकवरच्या लाल गोल बटणाने तो रेकॉर्डिंगला तयार करणं, कंट्रोल-आर ने रेकॉर्डिंग सुरू, एस ने तुकडा करणं, कंट्रोल-झेड ने मागे येणं. पहिला महिना याच्या पुढे जायची गरज पडत नाही.

लिनक्सवर रीपर, ऑडॅसिटी आणि आर्डर तिन्ही चालतात.

३. ऑडॅसिटी पूर्ण फुकट आहे, गाणी कापता-जोडता येतात. मग पुढे जायचंच कशाला?

तुमचं काम होत असेल तर अजिबात जाऊ नका. कीर्तन टिपणं, पुढचा-मागचा भाग कापणं, एमपी३ काढणं यात ऑडॅसिटीइतकं सरळ दुसरं काही नाही. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट लावून ऐकता येतो आणि नको असल्यास काढता येतो. त्याआधी इफेक्ट थेट आवाजातच मुरायचा.

अडचण येते ती थर चढवताना. विंडोजवरच्या नेहमीच्या ऑडॅसिटी ३ मध्ये एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कॉम्प्युटरमध्ये कमी उशिराने नेणारी सोय) मिळत नाही, त्यामुळे आवाजाचा उशीर हाताने भरून काढावा लागतो (प्रश्न १०). मिडी कीबोर्ड (आवाजाऐवजी कुठली पट्टी दाबली तेवढंच कॉम्प्युटरला कळवणारा) वाजवून टिपायचा असेल तर तेही इथे होत नाही.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला छळते: दुसऱ्यांदा रेकॉर्ड दाबलं की नवं रेकॉर्डिंग पहिल्याच्या शेपटाला जाऊन चिकटतं. साध्या आर ने पुढे जोडलं जातं, शिफ्ट-आर ने खाली नवा ट्रॅक बनतो. थर चढवताना शिफ्ट-आर वापरा.

४. रीपर ६० दिवसच फुकट आहे ना? नंतर काय होतं?

६० दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरता येतं. नंतरही ते बंद पडत नाही. उघडताना परवाना घेण्याची आठवण येते आणि काही सेकंद थांबावं लागतं. मात्र बंद पडत नाही म्हणजे फुकट आहे असं नाही, वापरत राहायचं ठरलं की परवाना घ्यायला हवा. घरगुती वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. रेकॉर्डिंगच्या धंद्यातून वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांनाही तोच चालतो. पैसे घालायचेच नसतील तर ट्रॅक्शनचं वेव्हफॉर्म फ्री पाहा. त्यात ट्रॅकच्या संख्येला मर्यादा नाही. प्रो टूल्सच्या इंट्रो या फुकट आवृत्तीत आवाजाचे आठच ट्रॅक मिळतात. दोन गळे, पेटी आणि दोन माइकवर तबला एवढं झालं की पाच तिथेच संपले.

५. मित्र म्हणतो एफएल स्टुडिओ घे. घेऊ का?

कॉम्प्युटरमध्येच ठोके आणि सूर रचून गाणं बनवणाऱ्यांसाठी ते फार चांगलं आहे. गाणारा-वाजवणारा माणूस मात्र दोन ठिकाणी फसतो. सगळ्यात स्वस्त 'फ्रूटी' आवृत्तीत माइकवरून आवाज रेकॉर्ड करून ट्रॅकवर मांडण्याची सोय बरीच वर्षं नव्हती, घेण्याआधी ती आहे का ते बघा. आणि चाचणीच्या आवृत्तीत काम साठवता येतं, पण ती फाइल पुन्हा उघडून पुढे काम करता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो.

'क्रॅक' केलेली प्रत कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिली तर घेऊ नका. ती बसवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार सताड उघडं. फुकटात रीतसर मिळणारी इतकी चांगली सॉफ्टवेअर असताना हा धोका का पत्करायचा?

६. बँडलॅब ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. ते सगळ्यात सोपं नाही का?

सुरू करायला सोपं आहे, दूरच्या मित्राबरोबर एकाच गाण्यावर काम करायलाही छान. पण सगळं काम इंटरनेटवर साठतं. गोव्यात सत्तरी तालुक्यात किंवा काणकोणच्या आतल्या भागात, जिथे पावसात नेटवर्क तासन्तास जातं, तिथे चांगला गायलेला टेक (एका खेपेचं रेकॉर्डिंग) अपलोड होता होता अडकू शकतो. शिवाय ब्राउझरमधून ऐकताना उशीर जास्त येतो. नेट भक्कम असेल तर चालवा. नाहीतर कॉम्प्युटरवर बसवलेलंच बरं.

७. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. चालेल?

रेकॉर्डिंगला चालेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर एक मोनो ट्रॅक सेकंदाला १,४४,००० बाइट लिहितो. आठ ट्रॅक एकदम भरले तरी सेकंदाला सव्वा एमबीच्या आत, एवढं जुन्या हार्ड डिस्कलाही जमतं. लॅपटॉप दमतो तो इफेक्टच्या प्लगिनांनी (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर), विशेषतः रिव्हर्ब (घुमारा) आणि कॉम्प्युटरमधल्या वाद्यांनी. म्हणून रेकॉर्ड करताना एकही इफेक्ट लावू नका, सगळं नंतर लावा. ब्राउझर बंद, वायफाय बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर.

जागेचा हिशोब: त्याच दर्जाला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी. पाच मिनिटांचं, सहा थरांचं गाणं साधारण २६० एमबी होतं, आणि फसलेले टेक धरले तर एक जीबी सहज.

८. ऑडिओ इंटरफेस घ्यावाच लागतो का? माइक थेट लॅपटॉपला लावला तर?

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये यूएसबीने जोडायची डबी. ती न लावता स्टेजवरचा डायनॅमिक माइक लॅपटॉपच्या बारीक भोकात जोडणी लावून घुसवला, तर आवाज अगदी क्षीण येतो. तो वाढवला की सूं सूं वाढते. कंडेन्सर माइकला (स्टुडिओतला नाजूक माइक) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच येणारी वीज, लागते, ती लॅपटॉप देत नाही, त्यामुळे तो बोलतच नाही. पुष्कळांना माइकच खराब आहे असं वाटतं.

एकट्या गळ्यासाठी यूएसबी माइक पुरतो. घेताना त्यावर हेडफोनचं भोक आहे का ते बघा (कारण प्रश्न ९ मध्ये). पेटी आणि गळा वेगळे टिपायचे असतील तर दोन माइक-इनपुटांचा इंटरफेस हवा. खोक्यावर 'दोन इनपुट' लिहिलेलं असलं तरी नीट बघा: फोकसराइट स्कार्लेट सोलोमध्ये माइकचं इनपुट एकच आहे, दुसरं गिटार किंवा कीबोर्डसाठी. दोन माइक लावायचे तर टू-आय-टू किंवा तसाच दुसरा. बजेट कमी असेल तर आधी इंटरफेस आणि साधा डायनॅमिक माइक घ्या, महाग सॉफ्टवेअर नको.

९. गाताना माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. लय सुटते.

आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथे बफर नावाच्या टप्प्यात साठतो आणि मग परत येतो. ४८ किलोहर्ट्‌झला १०२४ चा बफर म्हणजे एका दिशेने २१ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. हे गायकाला जाणवतंच. २५६ ला तोच एका दिशेने ५ च्या आसपास येतो.

पाहायचा क्रम असा. हेडफोन ब्लूटूथचा असेल तर आधी तो बाजूला ठेवा. त्याचा उशीर सहज १००-२०० मिलिसेकंद असतो आणि कुठल्याही सेटिंगने जात नाही. मग इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते चालू करा: तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येईल. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो. बटण नसेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर बसवून रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डिव्हाइस' खाली तो निवडा आणि बफर १२८ किंवा २५६ करा. कट्‌ कट्‌ आवाज आले तर एक पायरी वर जा. मिक्सिंगच्या (सगळे थर मिसळण्याच्या) वेळी बफर पुन्हा १०२४ करा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

१०. ऐकताना बरोबर वाटतं, पण नंतर लावलं की तबला पेटीच्या मागे पडलेला असतो.

हा वेगळा उशीर आहे. तुम्ही जुना थर ऐकून वाजवलंत, पण सॉफ्टवेअरने नवा थर चुकीच्या जागी ठेवला. एएसआयओ वापरणारी सॉफ्टवेअर हे बहुधा स्वतः जुळवतात. ऑडॅसिटी ३ मध्ये मूळ आकडा उणे १३० मिलिसेकंद असतो, तो तुमच्या कॉम्प्युटरला लागू पडेलच असं नाही.

एकदाच मोजून घ्या. प्रेफरन्सेस, ऑडिओ सेटिंग्ज, लेटन्सी कॉम्पेन्सेशन इथे शून्य घाला. जनरेट मेनूतून 'ऱ्हिदम ट्रॅक' बनवा. हेडफोनचा एक कान माइकला टेकवून शिफ्ट-आर ने दहा सेकंद रेकॉर्ड करा. मोठं करून बघितलं की वरचा ठोका आणि खालचा ठोका यांत अंतर दिसेल. ते माऊसने निवडून मिलिसेकंदात वाचा आणि उणे चिन्हासह त्याच जागी लिहा. हेडफोन, इंटरफेस किंवा सँपल रेट (प्रश्न ११) बदलला तर पुन्हा मोजावं लागतं.

११. ४४.१ की ४८? १६ बिट की २४?

२४ बिट डोळे मिटून. पातळी थोडी कमी राहिली तरी आवाजात खरखर येत नाही. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे, तो किलोहर्ट्‌झमध्ये देतात. ४४.१ हा सीडीचा आकडा, ४८ व्हिडिओचा; यूट्यूबसाठी चित्रीकरण करणार असाल तर ४८ घ्या. ९६ ने फाइल दुप्पट होते आणि घरच्या रेकॉर्डिंगात फरक ऐकू येत नाही. गाणं सुरू झाल्यावर मध्येच आकडा बदलू नका.

१२. तबला रेकॉर्ड केला की आवाज फाटतो. वर लाल दिवा लागतो.

डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही, तिथे लहर वरून सपाट कापली जाते. फाटलेला आवाज सॉफ्टवेअरमध्ये हळू केला तरी फाटलेलाच राहतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण, इंटरफेसवरच कमी करायला हवा.

सगळ्यात जोरात जे वाजणार आहे तेच वाजवून बघा: तिहाई, लग्गी, तारसप्तकातली ओळ. त्या वेळी काटा उणे १२ च्या आसपास राहू द्या. प्रत्यक्षात माणूस रंगात आला की ४-५ डेसिबल जास्तच वाजवतो. चाचणीला साधा ठेका वाजवून गेन लावला की हमखास फाटतं. तबल्याच्या चाटीचं टोक इतकं क्षणिक असतं की काट्यावर ते दिसायच्या आत होऊन जातं, म्हणून तबल्याला गळ्यापेक्षा जास्त मोकळी जागा ठेवा.

१३. पेटीचा लांब सूर धरला की दोन सेकंदांनी तो आपोआप विरतो. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

नाही. लॅपटॉपमधलं 'नॉइज सप्रेशन' पेटीला पंखा समजतंय. ते मीटिंगमधल्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं: एकसारखा टिकणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते धरून चालतं. पेटी, तंबोरा, बासरी, लांबवलेला आकार, सगळेच त्यात सापडतात. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये तुमच्या माइकवर जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. काही लॅपटॉपमध्ये कंपनीचं आणखी एक ॲप हेच काम करत असतं, तेही शोधून बंद करा. यूएसबी इंटरफेस वापरल्यावर हा त्रास बहुधा जातो.

१४. चवथीला घरात घुमट आरती होते. सात-आठ माणसं, घुमट (मडक्यासारखं तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कांसाळें (झांजा). कसं टिपायचं?

इथे थरांचं काम करू नका. आरतीचा जीव एकत्र म्हणण्यात आहे. वेगवेगळं टिपून जोडलेली आरती निर्जीव वाटते. एक चांगला माइक किंवा स्टिरिओ रेकॉर्डर आणि ऑडॅसिटी एवढं बास.

माइक मंडळींपासून दीड ते दोन मीटरवर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. आता माणसं हलवा, माइक नको: कांसाळें सगळ्यांच्या मागे, कारण त्यांचा आवाज इतर सगळं कापत येतो. म्हणणारे पुढे, घुमट बाजूला. घुमटाच्या उघड्या तोंडातून हवेचा धक्का येतो, ते तोंड थेट माइककडे नको. फरशीवर घुमणारा आवाज कमी करायला खाली चटई किंवा गोधडी अंथरा. घरातले पडदे ओढून घ्या. गेन शेवटच्या, सगळ्यात जलद आरतीला लावून बघा. एका आरतीची चाचणी टिपा, ऐका, माणसं पुन्हा हलवा. असं दोनदा केलं की जमतं.

१५. मी पेटी वाजवत गातो. एक माइक की दोन?

दोन माइक-इनपुट असतील तर दोन. गळ्याचा माइक तोंडापासून १०-१५ सेंटिमीटरवर आणि तोंडाच्या रेषेपेक्षा किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'भ' चे फुत्कार आदळत नाहीत. पेटीचा माइक सुरांच्या वरच्या बाजूला, ३० सेंटिमीटरवर; भात्याजवळ ठेवला तर भात्याची फटफट आणि कुरकुर जास्त येते. दोन्ही माइकांत दोन्ही आवाज थोडे शिरणारच. त्यामुळे गाण्यातली चूक नंतर एकटी दुरुस्त करता येत नाही, मागे पेटी ऐकू येत राहते. दुरुस्ती हवी असेल तर आधी पेटी वाजवून ठेवा आणि नंतर हेडफोन लावून गा.

१६. सॉफ्टवेअरचा क्लिक (लय धरणारी टकटक) चारच मात्रांचा आहे. रूपक, झपताल कसा बसवायचा?

टाइम सिग्नेचर बदला: रूपकाला ७/४, झपतालाला १०/४, दादऱ्याला ६/४. मात्रेचा वेग म्हणजेच बीपीएम. ८० वर दादऱ्याचं आवर्तन साडेचार सेकंदांचं होतं. क्लिक पहिल्या मात्रेवर जोर देतो, आणि रूपकात तर समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली' (जोर नसलेली जागा) असते. त्यामुळे तबलजी गोंधळतो. जोर बंद करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे तबल्याच्या ॲपमधला साधा ठेका चार आवर्तनं रेकॉर्ड करून, आवर्तन मोजून तुकडा कापून, शेवटपर्यंत पुढे पुढे चिकटवणं. त्यावर पेटी आणि गळा टिपा, मग खरा तबला वाजवून ॲपचा ट्रॅक काढून टाका.

विलंबित ख्याल, आलाप, किंवा जिथे लय हळूहळू चढते अशा भजनाला क्लिक नकोच. तेव्हा रीपरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधला 'टाइमबेस' हा 'टाइम'वर ठेवा. नाहीतर पुढे कधी टेम्पोच्या आकड्याला हात लागला की सगळे तुकडे जागेवरून सरकतात.

१७. काळी चारमध्ये टिपलेलं गाणं काळी दोनमध्ये आणता येईल का? आणि तंबोरा पेटीशी जुळत नाही.

काळी चार म्हणजे जी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प. मधे पाच अर्धस्वर. पिच बदलून एवढं खाली आणलं तर गळा जाडा आणि अनोळखी होतो. एक, फार तर दोन अर्धस्वर निभावतात. त्यापुढे पुन्हा गायलेलं बरं. तबला तर पट्टीबरोबर हलवूच नका, ऐकताक्षणी कळतं.

पेटीचे सूर वाजवणाऱ्याला जागेवर बदलता येत नाहीत आणि जुनी पेटी थोडी वर-खाली असते. म्हणून पेटीला तंबोऱ्याशी नको, तंबोऱ्याच्या ॲपला पेटीशी जुळवा: पेटीचा सा दहा सेकंद टिपा, रीपरमधल्या री-ट्यूनमध्ये तो किती सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर किंवा खाली आहे ते वाचा, आणि ॲपमध्ये तेवढाच फरक द्या. तबलाही मग त्याच साला लावा.

१८. लॅपटॉपला चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज येतो.

चार्जर काढा. आवाज थांबला तर दोष विजेच्या जोडणीत आहे: अर्थिंग नीट नाही, किंवा लॅपटॉप, स्पीकर, ॲम्प वेगवेगळ्या पॉइंटवर आहेत. सगळं एकाच एक्स्टेंशनवर घ्या आणि पॉइंटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, त्याने शॉक बसू शकतो.

१९. पावसाळ्यात काय करायचं? पत्र्यावर पाऊस कोसळतो, आणि माइकमधून चरचर येते.

पावसाचा आवाज सॉफ्टवेअरने स्वच्छ काढता येत नाही. कंडेन्सर ठेवून द्या, डायनॅमिक माइक तोंडापासून ५-८ सेंटिमीटरवर घ्या. जवळ असल्याने गेन कमी लागतो आणि पाऊस मागे राहतो. छप्पर पत्र्याचं किंवा कौलाचं असेल तर घरात स्लॅबची खोली कुठली ते बघा. कपाटात कपडे असलेली निजायची खोली दिवाणखान्यापेक्षा बरी, कपडे आवाज शोषतात.

चरचर बहुतेक वेळा दमटपणाची असते: कंडेन्सरच्या पडद्यावर ओल बसते. काम झालं की माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, बदला. तबला-पखवाजही याच दिवसांत उतरतात, म्हणून दर टेकच्या आधी सूर तपासा.

२०. लाइट गेली आणि रेकॉर्डिंग गेलं. परत मिळेल?

आधी तेच सॉफ्टवेअर पुन्हा उघडा, इतर काही करू नका. ऑडॅसिटी अर्धवट राहिलेलं काम परत आणू का म्हणून विचारते, तिथे हो म्हणा. रीपर आवाजाच्या फाइली रेकॉर्ड होता होताच डिस्कवर लिहीत असतं, त्या फोल्डरमध्ये असतात.

पुढच्यासाठी: गाणं सुरू करण्याआधीच 'सेव्ह ॲज' करून स्वतंत्र फोल्डर बनवा, आणि रीपरमध्ये सेव्ह करताना 'कॉपी ऑल मीडिया' वर खूण करा. फक्त प्रोजेक्टची छोटी फाइल पेन ड्राइव्हवर नेली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ट्रॅक रिकामे दिसतात, कारण आवाज त्या फाइलीत नसतोच. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर यूएसबीवर चालणारा इंटरफेसही लाइट गेल्यावर चालू राहतो. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

२१. तबलजी फोंड्यात, मी पेडण्यात. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं आहे. फाइल कशी पाठवू?

प्रोजेक्ट पाठवू नका. प्रत्येक थर शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा, मग गाणं दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असलं तरीही. सोबत बीपीएम, पट्टी आणि सँपल रेट लिहा. सुरुवातीला दोन टाळ्या टिपून ठेवा, जुळवताना त्यांचा उपयोग होतो. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलं तर दर्जा उतरतो.

२२. 'नॉइज रिडक्शन' लावल्यावर गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. ऑटोट्यूनने मींडही मोडते.

नॉइज रिडक्शनला नमुना द्यावा लागतो: कोणी गात-वाजवत नसलेले एक-दोन सेकंद. नमुन्यात तंबोरा चालू असेल तर तो तंबोरालाच गोंगाट समजून खातो. म्हणून तंबोरा कायम वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि गळ्याच्या ट्रॅकवर सुरुवातीला पाच सेकंद शांतता टिपा. ६ डेसिबलपासून सुरू करा, १२ च्या पुढे गळा धातूसारखा वाजू लागतो. ऑटोट्यून प्रत्येक सूर जवळच्या पट्टीवर ओढतं. मींड, आंदोलन, श्रुती याच दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा, त्या सपाट होतात. नाट्यगीत किंवा अभंगाला ते लावू नका. बेसूर लागलेली ओळ परत गा.

२३. दोन यूएसबी माइक एकदम लावता येतात का?

विंडोजवर एएसआयओ एका वेळी एकच उपकरण घेतं. एएसआयओ-फोर-ऑलने दोन जोडता येतात, मॅकवर 'ॲग्रिगेट डिव्हाइस' बनवता येतो. पण दोन्ही माइकांची आतली घड्याळं वेगळी असतात. दोन मिनिटांच्या गाण्यात चालून जातं, पाऊण तासाच्या भजनात शेवटी शेवटी एक ट्रॅक मागे पडलेला दिसतो. मॅकवर 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण केली की हे आवरतं. दोन माइक नेहमी लागणार असतील तर प्रश्न ८ मधला दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या.

२४. माझ्याच आवाजातलं नाट्यगीत यूट्यूबवर टाकलं, तरी हक्काची नोटीस आली. का?

तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. भारतात कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. संतांच्या अभंगाचे शब्द मोकळे आहेत, पण त्याला अलीकडच्या कोणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. बाजारातला कराओके ट्रॅक वापरला असेल तर तो आणखी कोणाच्या तरी मालकीचा. पेटी-तबला स्वतः वाजवलात तर रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो, शब्द-चालीचा तपासावा लागतो.